बाजार उतरला, मग घराचा कर का चढला?

अमेरिकेत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मालमत्ताकराच्या नोटिशी घरी पोचल्या की मला येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: झिलो या घरांचे अंदाजे भाव सांगणाऱ्या साइटवर घर दीड लाख डॉलरनं उतरलंय, आणि असेसर, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणारा अधिकारी, म्हणतो वाढलंय. यंदाची काही पत्रं खाली घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. कॅलिफोर्निया, टेक्सस आणि न्यू जर्सीचे नियम इतके वेगळे आहेत, की कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मित्राचा सल्ला टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये चालत नाही.

प्रश्न : ओकलंडमध्ये २०२१ साली ८ लाख डॉलरना काँडो (इमारतीतला फ्लॅट) घेतला. नोटिशीत ८ लाख ६६ हजार लावलेत. आमच्याच इमारतीत तसाच काँडो फेब्रुवारीत ६ लाख ९० हजारांना गेला. काही करता येईल?

येईल, आणि करायलाच हवं. १९७८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात प्रॉप (प्रपोझिशन) १३, म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन केलेला कायदा, मंजूर झालं. खरेदीची किंमत हा पाया, त्यावर वर्षाला फार तर २ टक्के वाढ. तुमचे ८ लाख चार वर्षं २-२ टक्क्यांनी वाढत ८ लाख ६६ हजारांवर गेलेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रॉप ८ आलं. १ जानेवारीला बाजारभाव या वाढत्या आकड्याच्या खाली असेल, तर त्या वर्षापुरता बाजारभावच धरायचा, असं ते सांगतं.

सगळी मेख त्या १ जानेवारीत आहे. ऑगस्टमध्ये भाव काय, झिलो काय म्हणतं, याला अपिलात किंमत नाही. त्या तारखेच्या आसपासचे तुमच्यासारख्याच घरांचे व्यवहार, म्हणजे कंप्स, दाखवावे लागतात, आणि ३१ मार्चनंतरची विक्री चालत नाही. माझा स्वतःचा पहिला अर्ज यातच बुडाला होता. शेजारचं घर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकलं गेलं होतं, आणि माझी सगळी भिस्त त्याच्यावर. तुमची फेब्रुवारीची विक्री बसते. तशाच आणखी दोन-तीन शोधा. मजला, पार्किंग, दुरुस्ती यातले फरक पैशांत मांडा. तुमच्या काँडोला पार्किंग असेल आणि त्याला नसेल, तर ते लपवू नका. असेसरच्या बाजूचा अप्रेझर, म्हणजे किंमत काढणारा माणूस, तेच आधी काढेल.

आधी असेसरच्या ऑफिसकडे फेरतपासणी मागा. ती फुकट असते. पण त्यांच्या उत्तराची वाट बघत बसू नका. तुमच्या अलमिडा काउंटीत अपिलाचा अर्ज २ जुलै ते १५ सप्टेंबर एवढ्याच काळात घेतात; काही काउंट्यांत ३० नोव्हेंबरपर्यंत. ७ लाखांवर मान्य झालं, तर सव्वा टक्का दर धरूनही वर्षाचे २ हजार डॉलर वाचतात.

प्रश्न : मिल्पिटसचं आमचं घर २०२२चं, १५ लाखांचं. पुढच्या वर्षी काउंटीनं आपणहून १३ लाख २० हजार केलं, आम्ही खूश. त्याच्या पुढच्या वर्षी एकदम १४ लाख ५० हजार! दहा टक्के वाढ? २ टक्क्यांचा कायदा गेला कुठे?

कायदा जागेवरच आहे. ती २ टक्क्यांची मर्यादा मूळ खरेदी किमतीच्या आकड्याला आहे, प्रॉप ८नं तात्पुरत्या खाली आणलेल्या आकड्याला नाही. तुमचा मूळ आकडा मागे गुपचूप वाढतच होता: १५ लाखांचे दोन वर्षांत साधारण १५ लाख ६० हजार झाले, असं समजा. बाजार सावरला की असेसर त्या छतापर्यंत एका उडीत जाऊ शकतो. छताच्या वर मात्र जाता येत नाही. १४ लाख ५० हजार हा १ जानेवारीचा खरा भाव नव्हता असं वाटत असेल, तर त्या वर्षासाठी पुन्हा अपील करावं लागतं. आधीची सूट आपोआप पुढे चालत नाही.

प्रश्न : ऑस्टिन. नोटिशीत मार्केट व्हॅल्यू ८ लाख २० हजारांवरून ६ लाख ४० हजारांवर आली, पण कर लागणारी किंमत ५ लाख १० हजारांवरून ५ लाख ६१ हजार. ही चूक ना?

चूक नाही, पण चीड येणं साहजिक आहे. तुमचं राहतं घर होमस्टेड म्हणून नोंदलेलं आहे, त्यामुळे कर लागणारी किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. भाव भडकले तेव्हा या मर्यादेनं तुम्हाला वाचवलं. आता ती खालची किंमत १० टक्क्यांच्या पायऱ्या चढत बाजारभावाला गाठते आहे. दोन्ही आकडे भेटेपर्यंत बाजार पडतानाही कर वाढू शकतो.

म्हणून प्रोटेस्ट, म्हणजे तिथलं अपील, करायचा तर हिशोब असा: ६ लाख ४० हजारांचे ५ लाख ९० हजार करून घेतलेत, तरी यंदा एक डॉलरही वाचणार नाही. ५ लाख ६१ हजारांच्या खाली जायला हवं. तेवढे पुरावे नसतील, तर दुसरी वाट आहे: तुमच्यासारख्या घरांना लावलेल्या किमतींच्या मध्यकापेक्षा तुमची जास्त आहे, असं दाखवणं. विक्रीच्या किमती जाहीर करणं टेक्ससमध्ये सक्तीचं नाही, त्यामुळे कंप्ससाठी ओळखीच्या रिअल्टरला, म्हणजे घरांच्या एजंटला, चहा पाजावा लागतो. लावलेल्या किमती मात्र अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथे करासाठी किमती लावणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर उघड आहेत. मुदत साधारणपणे १५ मे.

प्रश्न : सरकारी दिसणारं पत्र आलंय. ठरावीक फी भरली तर कर कमी करून देतो म्हणतात.

बारीक अक्षरं वाचा. तिथे ते सरकारी नाहीत असं लिहिलेलं सापडेल. कॅलिफोर्नियात ही फेरतपासणी असेसर फुकट करतो. पत्र रद्दीत टाका.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी. घर ६ लाखांचं, असेसमेंट २ लाख १० हजार. हे म्हणतात, इतकं कमी लावलंय तर गप्प बस. खरं आहे का?

तुमचे हे अर्धवट बरोबर आहेत. तिथे आकडा नव्हे, गुणोत्तर बघायचं, म्हणजे असेसमेंट (करासाठी लावलेली किंमत) बाजारभावाच्या किती टक्के आहे ते. बऱ्याच गावांत कित्येक वर्षं फेरमूल्यांकन होत नाही, म्हणून राज्य दरवर्षी प्रत्येक गावाचं सरासरी गुणोत्तर जाहीर करतं, आणि त्याच्या १५ टक्के वरखाली असलेलं असेसमेंट ठीक मानलं जातं. गणितासाठी तुमच्या गावाचं ३२ टक्के धरू. वरची हद्द ३६.८ टक्के. तुमचं ३५, म्हणजे हद्दीत. अपील केलंत तरी हाती काही लागणार नाही. पण घराचा भाव ५ लाख ५० हजारांवर आला, तर तेच ३८ टक्क्यांच्या वर जातं. मग ५ लाख ५० हजारांचे ३२ टक्के, म्हणजे १ लाख ७६ हजार, अशी दुरुस्ती मिळते. भाव आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरचा. तुमच्या काउंटीत मुदत १ एप्रिल.

प्रश्न : पुण्यातही फ्लॅटचे भाव थंडावलेत. तिथे असं अपील चालेल?

या मुद्द्यावर नाही. पुणे महापालिकेचा कर अपेक्षित भाड्यावरून काढलेल्या वार्षिक करपात्र रकमेवर असतो, विक्रीच्या किमतीवर नाही. (मुंबईत २०१०पासून रेडी रेकनरशी जोडलेलं भांडवली मूल्य धरतात.) पुण्यात त्यापेक्षा, आईवडील स्वतः राहत असतील तर ४० टक्क्यांची सवलत बिलात आहे ना, ते बघा. भाडेकरू ठेवला असेल, तर ती सवलत आपली नाही.

प्रश्न : मी सनीव्हेलला एकटी राहते, वय ७१. हिअरिंगची तारीख आली आहे. वकील हवा का? आणि तोवर कर भरू की थांबू?

राहत्या घरासाठी वकील लागत नाही, आजी. कॅलिफोर्नियात मालक स्वतः राहत असेल आणि मागितलेली माहिती त्यानं दिली असेल, तर आपली किंमत बरोबर आहे हे असेसरला सिद्ध करावं लागतं. तरी कंप्सचा एकपानी तक्ता करा, प्रती जास्त काढा. पेन्शन पुरत नाही, शेजाऱ्यांचा कर कमी आहे, हे बोलू नका. अपील ऐकणाऱ्या बोर्डाला फक्त किंमत ठरवायची असते, कर नव्हे. शब्द अडला तर कागदावर बोट ठेवा. आणि हे ठाऊक असू द्या, की बोर्ड किंमत वाढवूही शकतं. कंप्स लंगडे वाटले, तर हिअरिंगआधी अर्ज मागे घेता येतो का ते बोर्डाच्या क्लार्कला विचारा.

कर मात्र थांबवू नका. १० डिसेंबर उलटला की पहिल्या हप्त्यावर १० टक्के दंड बसतो, अपील चालू असलं तरी. जिंकलात तर जास्तीचे पैसे परत येतील.