स्किमर बदलू नका, रात्रीचं बटण सोडा

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. तीन फुटी मरीन टाकी, साधारण दोनशे लिटर. खाली सम्प (कामगारांचा नव्हे, टाकीखालची दुसरी टाकी), त्यात स्किमर (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसाने घाण वरच्या कपात काढणारं यंत्र) आणि पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप, शिवाय बाजूला एक कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी). हॉलमध्येच झोपता, आवाज नको आणि बिलही नको, म्हणून रात्री अकरा ते सकाळी सात सगळं बंद. सकाळी एकदम चालू केलं की स्किमरच्या कपाची नळी जिथे सोडली आहे ती बाटली भरून फरशीवर पाणी. वर महिनाभरात खारेपणा (पाण्याच्या विशिष्ट गुरुत्वात मोजलेला) १.०२५ वरून १.०२२ वर आलाय. दुकानदार म्हणतो मोठा स्किमर घ्या.

नका घेऊ. हा स्किमर धडधाकट आहे.

रिटर्न पंप बंद झाला की टाकीतलं वरचं इंच-दीड इंच पाणी पाइपांतून खाली सम्पमध्ये उतरतं. सम्पची पातळी दोन-तीन इंच चढते. स्किमर मात्र ठरावीक खोलीच्या पाण्यात उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. बहुतेक सम्पमधल्या स्किमरना सात ते नऊ इंच लागतं, नेमका आकडा तुमच्या माहितीपत्रकात मिळेल. सकाळी तुम्ही एकच बटण दाबता तेव्हा तो गळ्यापर्यंत बुडालेला असतो. फेसाऐवजी सरळ पाणीच कपात चढतं. त्यात रात्री गळ्यातला फेस बसून सगळा गाळ परत पाण्यात मिसळलेला. रिटर्न पंप पातळी खाली आणेपर्यंत तुमची बाटली भरलेली असते.

आता खारेपणाचं. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालताना गोडं आरओ पाणी घालतात. पण कपातून जातं ते खारं पाणी. तुम्ही सकाळी पातळी उतरलेली बघता आणि उडालं असेल समजून गोडं पाणी ओतता. रोज एक लिटर धरा. दोनशेत एक म्हणजे अर्धा टक्का, महिन्याला जवळपास चौदा टक्के मीठ गायब. १.०२५ चं १.०२२ व्हायला तेवढं पुरतं. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरला दोष देऊ नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याकडे आपोआप भर घालणारं यंत्र होतं, पंचवीस लिटरचा पिंप जोडलेला. टाकीतला एक सुटलेला दगड एपॉक्सी पुटीने चिकटवला आणि त्याच संध्याकाळी गणपतीला गावी निघालो. ओली पुटी, औषधं, हाताला लागलेलं क्रीम, यातलं काहीही पाण्यात गेलं की स्किमर उसळतो. हे तेव्हा ठाऊक नव्हतं. स्किमर खारं पाणी बादलीत ओतत राहिला, यंत्र इमानदारीत गोडं पाणी भरत राहिलं. चार दिवसांनी आलो तर पिंप रिकामा, फरशीवर मिठाचे ओघळ, आणि दोन्ही श्रिम्प गेलेले. मासे वाचले. कणा नसलेल्यांना खारेपणातला झटका आधी लागतो. तेव्हापासून भरीच्या पिंपात चार-पाच लिटरच ठेवतो, आणि कपाची नळी बाहेर सोडतच नाही. सांडलं तर सम्पमध्येच सांडू दे.

पण तुमच्या टाकीत मला जास्त काळजी फरशीची नाही, रात्रीची आहे. दिव्याच्या उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. अंधारात ते, मासे आणि जिवाणू सगळेच तो वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे पीएच उतरतो आणि पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मुळात समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा कमी ऑक्सिजन धरतं: २५ अंशांना गोडं पाणी लिटरला आठ मिलिग्रॅमच्या थोडं वर, खारं पावणेसातच्या आसपास. मेमध्ये पाणी तापलं की आणखी कमी. आणि टाकीत हवा मिसळणारं सगळ्यात जोरदार यंत्र कोणतं? स्किमर. नेमका तोच तुम्ही नेमक्या त्या वेळी बंद करता. झोपताना काही बंद करायचंच असेल तर दिवा बंद करा.

कॅनिस्टरची गोष्ट याहून वाईट. माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना वाहता ऑक्सिजन लागतो. बंद डब्यात प्रवाह थांबला की आतला साठा घटायला लागतो, आणि कुजकी घाण असेल तर सडक्या अंड्याचा वास सुरू होतो. सकाळी तेच पाणी तुम्ही माशांच्या अंगावर सोडता. तुमच्याकडे पुरेसा सच्छिद्र दगड असेल तर जिवाणूंची खरी वस्ती तिथेच आहे, कॅनिस्टर हळूहळू काढून टाका. एकदम नव्हे, आतलं माध्यम दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं कमी करा आणि अमोनिया तपासत राहा. (दगड कमी असेल तर कोरडा विकत घ्या. मालवणला फिरायला जाऊन प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणू नका, दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.)

बिलाचा हिशोब करू. स्किमर १५ वॅट, रिटर्न ४०, कॅनिस्टर २० धरले तर ७५. आठ तासांचे ०.६ युनिट, महिन्याचे १८. युनिटला दहा रुपये धरले तरी १८० रुपये. मिठाच्या बादलीचा भाव तुम्हाला माहीत आहे, त्यापुढे हे काय.

आवाज मात्र खरा त्रास आहे, तो मान्य. गुळगुळ असा आवाज येत असेल तर तो स्किमरचा नाही, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतून सम्पमध्ये पाणी उतरवणाऱ्या पाइपात हवा ओढली जातेय. पाइपावर गेट व्हॉल्व्ह बसवून पाइप पाण्याने भरलेला राहील एवढा आवळला की तो आवाज बंद होतो. मात्र शेजारी एक मोकळा आपत्कालीन पाइप हवाच, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये गोगलगाय अडकली की वरची टाकी सांडते. घरघर असेल तर पंपाचा इम्पेलर (आतला फिरता पंखा) काढून पाणी आणि व्हिनेगर निम्मे-निम्मे करून तासभर भिजवा, चुन्याचा थर निघून जातो. दर तीन-चार महिन्यांनी करायचं काम आहे हे. स्किमरखाली जाड सिलिकॉन शीट टाकली की कॅबिनेट थरथरत नाही.

वीज गेली (आमच्या पुण्यात गुरुवारी जातेच) की ती परत आल्यावर चालू करायचा क्रम असा: आधी रिटर्न पंप, पातळी स्थिर झाली की दहा-पंधरा मिनिटांनी स्किमर. साध्या डिले टायमरवर हे आपोआप होतं. इन्व्हर्टरवर सगळं लादू नका, टाकीतला एक लहान वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) तेवढा जोडा. पृष्ठभाग हलता राहिला तरी मासे तग धरतात. रिटर्नच्या नळीला पाण्याच्या रेषेच्या जरा खाली छिद्र आहे का तेही बघा. ते नसेल तर वीज गेल्यावर टाकी नळीच्या तोंडापर्यंत उपसली जाते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका, चुना बसला की तो अर्धवट उघडा राहतो.

खारेपणा वर आणताना घाई नको. आठवडाभर भर घालताना गोड्याऐवजी खारं पाणी घाला, दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त चढू देऊ नका. आणि आज रात्री काही बंद न करता झोपा, सकाळी सम्पच्या पाण्याची उंची पट्टीने मोजून इथे टाका, मग स्किमर स्टँडवर किती वर घ्यायचा ते सांगतो.