साखर न घालता घरी कोकम सरबत कसं करावं?

साखर नको असेल तर अमृत कोकम विसरा. ते रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत साखर भरून उन्हात मुरवलेलंच असतं. त्यापेक्षा आगळ, म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, घ्या. आमच्याकडे रत्नागिरीत पाऊस यायच्या आत रातांबे फोडायची कोण घाई, बोटं लालेलाल!

पेलाभर गार पाण्यात दोन चमचे आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, झालं. वरून मीठ घालू नका, आगळात ते आधीच भरपूर असतं (रक्तदाबवाल्यांनी म्हणूनच बेतानं). आगळ नसेल तर सात-आठ आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून कुस्करा. पित्तावर आजी हेच द्यायची.

उरलेल्या आगळाची सोलकढी करा, पण नारळाचं दूध घातल्यावर उकळू नका, फुटते. आणि पितळेच्या भांड्यात अजिबात ठेवू नका.