अंगणाखालचा दारूगोळा

प्रश्न : मुलगी वॉशिंग्टनच्या स्प्रिंग व्हॅलीत राहायला गेली आहे. तेथे जमिनीत जुना दारूगोळा पुरलेला होता म्हणतात; तिने अंगणात मेथी लावावी काय? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ऐकले ते खरे आहे. पहिल्या महायुद्धात लष्कराने तेथील ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी’ या नावाच्या विद्यापीठाच्या आवारात विषारी वायूंच्या चाचण्या घेतल्या, उरलेला माल आसपास पुरला, त्यावर पुढे बंगले उभे राहिले आणि जानेवारी १९९३ मध्ये चर खणताना तोफगोळे वर आले. मातीत आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्यही सापडल्याने अनेक अंगणांतील माती बदलावी लागली, कारण ते कुजून नाहीसे होत नाही. घरमालकाकडून माती-तपासणीचा अहवाल मागावा. तोवर मेथी कुंडीत, विकतच्या मातीत लावावी. देवळालीच्या तोफा ऐकत वाढलेल्या मुलीला सांगायला नको, तरीही गंजका गोळा दिसल्यास हात न लावता दूर व्हावे आणि ९११ वर कळवावे.