बाटलीवरचं गाव वाचा

प्रश्न : मुलगी अ‍ॅडिलेडला असते. सुट्टीत येताना ती शिराझ ही रेड वाइन आणणार आहे. फार महाग नको, पण अंगाने भरदार हवी, असं मी तिला सांगितलंय. तिने दुकानातून तीन बाटल्यांचे फोटो पाठवलेत. एकीवर ‘बरोसा व्हॅली’ आहे, दुसरीवर ‘मॅक्लारेन व्हेल’. तिसरी सर्वांत स्वस्त, तिच्यावर ‘साऊथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’. कुठली सांगू? घरी मटणाचा बेत आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिसरी राहू द्या. ती वाईटच असेल असं नाही, पण तिला गाव नाही. अख्खं व्हिक्टोरिया, न्यू साऊथ वेल्स, टास्मानिया आणि वर साऊथ ऑस्ट्रेलिया-क्वीन्सलँडचे मोठे भाग, एवढ्या मुलखातलं कुठलंही द्राक्ष त्या नावाखाली चालतं. बरोसा व्हॅली छापायचं तर निदान ८५ टक्के द्राक्ष तिथलंच लागतं.

बरोसाचा उन्हाळा गरम आणि कोरडा. मणी वेलीवर निवांत पिकतो, साखर चढते, म्हणून अल्कोहोल सहज साडेचौदा टक्क्यांवर जातं. वासाला पिकलेलं आलुबुखार. अमेरिकन ओकच्या लाकडी पिंपात मुरवली असेल तर व्हॅनिला आणि थोडं खोबरं. फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड साऊथ ऑस्ट्रेलियात कधी शिरलीच नाही, त्यामुळे तिथे १८४३ सालच्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर फळ देतात. आम्ही नाशिककर डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय द्राक्षबाग लावायला धजत नाही, त्यामुळे मला त्यांचा हेवाच वाटतो! अर्थात त्या म्हाताऱ्या वेलींची वाइन तुमच्या बजेटात बसणार नाही, आणि मटणाला तिची गरजही नाही.

मॅक्लारेन व्हेल अ‍ॅडिलेडच्या दक्षिणेला, समुद्रालगत. दुपारी खाडीवरून वारा येतो आणि उन्हाचा जोर मोडतो. फळ तितकंच गडद, पण घोट मऊ, शेवटी कडू चॉकलेटची चव. मिरीचा वास शोधत असाल तर तो थंड भागातल्या शिराझमध्ये जास्त. या दोन्हींत फार मिळणार नाही.

माझं मत विचाराल तर मॅक्लारेन व्हेल. त्या किमतीतल्या बरोसात कधीकधी ओकच पुढे-पुढे करतो. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात, तेव्हा दोन्ही गावांची एकेक मागवा आणि शेजारी-शेजारी ठेवून प्या. तिसरी आणली की हिशेब सव्वादोनवर जातो.

मटण सुकं करा, खोबरं भाजून, तिखट बेताचं. तांबड्या रश्श्याबरोबर एवढं अल्कोहोल घेतलंत तर घसा पेटेल. आणि ‘रेड वाइन घरच्या तापमानाला’ हा सल्ला पुण्याच्या मे महिन्यासाठी नाही. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रिजमध्ये ठेवा.