रिमोटचा स्क्रू झाकणातून सुटत का नाही?

प्रश्न : मुलगी टेक्सासला असते, नात दीड वर्षाची आहे. तिच्याकडच्या नव्या रिमोटचा सेल बदलायला गेलो, तर झाकणाचा स्क्रू ढिला होतो पण हातात येत नाही, तिथेच लोंबकळतो. माल खराब आहे का? इथून नेलेल्या वस्तूंचं काय? – एक आजोबा, पुणे

उत्तर : माल चांगला आहे, स्क्रू मुद्दाम तसा बसवलाय. सुटा स्क्रू हरवला की लोक झाकणाला चिकटपट्टी लावून भागवतात, आणि ती काढणं पोरांच्या डाव्या हाताचा मळ. टेक्सासमधल्याच लबकची दीड वर्षाची रीस हॅमस्मिथ रिमोटमधला बटण सेल (नाण्यासारखा गोल, चपटा सेल) गिळून डिसेंबर २०२० मध्ये दगावली. तिच्या नावाचा कायदा अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये झाला आणि मार्च २०२४ नंतर बनलेल्या मालाला तो काटेकोरपणे लागू झाला. त्यानुसार सेलचा कप्पा उघडायला स्क्रूड्रायव्हर किंवा नाणं तरी लागलं पाहिजे, नाहीतर दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागल्या पाहिजेत. वस्तू आपटली, चेपली तरी सेल बाहेर पडता कामा नये. सुट्या सेलचं पाकीटही मुलांना सहज फाडता येणार नाही असंच हवं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण स्वयंपाकघरातला वजनकाटा, थर्मामीटर, गाडीची किल्ली, दिवाळीतल्या एलईडी पणत्या ही खेळणी नव्हेत. पोरं मात्र त्यांच्याशीच खेळतात! घेतानाच वस्तू उलटी करा. झाकण नखाने सरकलं, तर लहान मूल असलेल्या घरात ती नको.

प्रश्न : संपलेला बटण सेलही घातक असतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हो. वस्तू बंद पडली तरी सेलमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) उरतोच. सेल फुटून आतलं काही गळायचीही गरज नसते. लाळेतून वीज वाहते आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होऊन अन्ननलिका भाजते, तीही दोन तासांत. सर्वांत वाईट सीआर २०३२ या क्रमांकाचा बटण सेल : व्यास २० मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा.

प्रश्न : मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तर? – एक आई, नाशिक

उत्तर : शीतून पडेल म्हणून वाट बघू नका. उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका. १०८ला फोन करा किंवा एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. सेलचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल बरोबर घ्या. मूल वर्षाच्या वर असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे (१० मिलि) मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर मात्र नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

एक्स-रे समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून काढायला सांगा. एकाच बाजूने पाहिलं तर सेल नाणं म्हणून खपून जातो. नीट पाहिलं तर समोरून कडेला दुहेरी कडं दिसतं, बाजूने पायरी. सेल काढल्यावरही भाजलेली जागा आतून खोल होत जाते आणि शेजारची महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुटू शकते. त्यामुळे घरी आल्यावर पुढचे काही आठवडे रक्ताची उलटी किंवा काळी शी दिसली, थोडी का असेना, तर तडक रुग्णालयात.