‘बोल की!’ : मालवणला गप्प झालेला मुलगा

मुलांच्या मनाच्या अडचणी बघणं हे माझं काम. फोन माझ्या टेबलावर ठेवत एका मुलाचे बाबा म्हणाले, "आधी हे बघा मॅडम. मग बोलू."

४१ सेकंदांचा व्हिडिओ. मालवणमधल्या एका हॉटेलचं अंगण, नारळाची झाडं, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातला एक नट, आपल्याकडे घराघरांत माहीत असलेला, गुडघ्यावर बसून ८ वर्षांच्या मुलाला विचारतो, "काय रे, नाव काय तुझं?" मुलगा चपलेकडे बघतो. नट पुन्हा विचारतो, "काय करतोयस इथे?" मुलाचे ओठ हलतात, आवाज येत नाही. कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज येतो, "बोल की! घरी वर्षभर नकला करतोस, आता काय झालं? बोल की!" नट हसतो, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि उठतो. संपलं.

हा व्हिडिओ त्याच संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता. हुबळीच्या काकांनी लिहिलं, "घरी वाघ, बाहेर शेळी." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मुलाला आपण बारक्या म्हणू. अशी हाक घरोघरी असते, त्यामुळे कुणाचं नाव उघड होत नाही. आईबाबांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमच्या बेळगाव भागात शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते. तेव्हा महाराष्ट्रातली मुलं अजून परीक्षा देत असतात, म्हणून कोकणात गर्दी कमी. पहाटे निघायचं, शिनोळी, चंदगड करत आंबोलीत न्याहारी, मग सावंतवाडी, कुडाळ, मालवण. ही सहल आमच्याकडे निम्म्या घरांत ठरलेली असते. यांचीही तशीच होती. फरक एवढाच की दुसऱ्या रात्री हॉटेलवाल्याने सांगितलं, "शूटिंगवाले जवळच उतरलेत. तुमच्या पोराचा तो आवडता आहे ना, तो उद्या सकाळी इथं नाष्ट्याला येणार आहे."

पुढचं व्हिडिओत आलंच.

घरी परतल्यावर बारक्याने नकला बंद केल्या. तो कार्यक्रम लागला की खोलीतून उठून जायचा. पाहुणे आले की आत. मेअखेर शाळा सुरू झाली तरी तसंच. आईला वाटलं लाजाळू झाला. बाबांना वाटलं आत्मविश्वासच नाही, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात घालावं. आत्याने इंटरनेटवर ‘निवडक अबोला’ नावाच्या आजाराबद्दल वाचलं आणि लिंक पाठवली. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि वर बजावलं, "धारवाडला बिरवाडला न्यायचं नाही हां!" आमच्या भागात धारवाड म्हणजे अजूनही वेड्यांचं इस्पितळ. तिथल्या संस्थेत आज मुलांवर किती साधे, रोजचे उपचार होतात हे आजीला पटवणं माझ्या आवाक्याबाहेर आहे.

आत्याच्या शंकेचं आधी बघू, कारण हा प्रश्न मला अलीकडे महिन्यातून दोनतीनदा येतो. निवडक अबोल्यात मूल घरी घडाघडा बोलतं आणि शाळेत, किंवा ठरावीक ठिकाणी, बोलूच शकत नाही. ते हट्टाने करत नाही, भीतीमुळे होतं. म्हणून त्याची गणना चिंतेच्या विकारांत होते. साधारण पाच वर्षांच्या आतच ते दिसू लागतं. निदानासाठी ते किमान एक महिना टिकावं लागतं आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत. आणखी एक अट आहे, तिच्याकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत: त्या ठिकाणी जी भाषा बोलायची ती मुलाला येत नसेल किंवा तिच्यात तो अवघडत असेल, तर त्या गप्प बसण्याला हे नाव देता येत नाही.

मी विचारलं, वर्गात बोलतो का? बाईंनी विचारलं तर उत्तर देतो. दुकानात? गल्लीतल्या दुकानदाराशी कन्नडमध्ये घासाघीस करतो. खेळताना? क्रिकेटची सगळी भांडणं कन्नडमधूनच. मग आजाराचं सोडा. प्रश्न त्या अंगणातला होता.

पहिल्या भेटीत बारक्या माझ्याशी बोलला नाही, मीही त्याला बोलतं केलं नाही. आम्ही सापशिडी खेळलो. तो जिंकला. खरंच जिंकला, मी हरून दिलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, त्या सकाळचं चित्र काढ, कोण कुठं होतं एवढंच. त्याने नारळ काढले, खुर्च्या काढल्या, बाबांच्या हातात फोन काढला. स्वतःच्या चड्डीच्या खिशात एक चौकोन काढला.

"हे काय रे?"

"चिठ्ठी."

आदल्या रात्री बाबांनी चार वाक्यं लिहून दिली होती. ‘सर, मी तुमचा खूप मोठा चाहता आहे. मी तुमचे सर्व भाग आवर्जून पाहतो,’ अशी. बारक्याने झोपण्यापूर्वी सात वेळा म्हणून दाखवली. आकडा त्याचाच. वर आईने बजावलं होतं, "तिथं आपल्यासारखं करूलालोय, येऊलालोय बोलू नको हं. मुंबईचे लोक हसतात." (करूलालोय म्हणजे करतोय, ही आमच्या बेळगावकडची बोली.)

"पाठ झालं होतं," तो म्हणाला. "पण त्यांनी पहिला नाव विचारलं. ते चिठ्ठीत नव्हतं."

"मग?"

"मग विचारले काय करतोयस. मला तोंडात ‘समुद्र बघूलालोय’ आलं." थोडा थांबला. "ते बोलायचं नव्हतं की."

म्हणून गिळलं.

मी पेन खाली ठेवलं. काय बोलावं ते मलाही लगेच सुचलं नाही. शिकायला पुण्यात गेले तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी "मी जेवून येतो" म्हणाले होते. आमच्याकडे, कोल्हापुराकडेही, बायका असंच बोलतात: मी जातो, मी येतो, मी सांगितलो. खोलीतली मुलगी इतकी हसली की पुढचे दोन महिने मी प्रत्येक क्रियापद तोंडाबाहेर काढण्याआधी तपासत होते. आजही हे लिहिताना ‘लिहिते आहे’ असं लिहिते आणि घरी गेल्यावर ‘लिहूलालोय’ म्हणते. एकेक शब्द तपासून बोलायचं तर जीभ जड होते, हे मला पाठ्यपुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आठ वर्षांच्या मुलाला एका वेळी काय काय सांभाळायचं होतं बघा. समोर ज्याला रोज बघतो तो माणूस. पाठ केलेली वाक्यं. नको ती भाषा आत दाबून धरायची. वर बाबांचा कॅमेरा चालू. घाबरलं की शरीर पळतं, भांडतं किंवा थिजतं. अंगणातून पळणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट निघाली, तिची मला कल्पना नव्हती. मी विचारलं, ते टीव्हीवाले काका कसे होते? बारक्या म्हणाला, "एक डोळा लाल होता. झोपलेच नव्हते वाटतं. घावनं खाताना पण बोलत नव्हते कुणाशी." आणि मग, बऱ्याच वेळाने, "त्यांना माझं नावच माहीत नव्हतं."

मोठ्यांना यावर हसू येईल. नाव कसं माहीत असणार? बारक्यालाही ते डोक्याने कळत होतंच. पण रोज जेवताना जो माणूस समोर बसून हसवतो, ज्याचा आवाज, खोकला, भुवया आपल्याला पाठ आहेत, तो अनोळखी कसा वाटेल? अशा एकतर्फी ओळखीवर हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलं आहे, तेव्हा तर टीव्ही नवाच होता. प्रेक्षकाला नातं खरं वाटतं, पण समोरच्याला प्रेक्षक दिसतच नाही. यात विकृत काही नाही, आपल्या सगळ्यांच्या बाबतीत होतं. मुलांना फक्त तो फरक प्रत्यक्षात, एका झटक्यात कळतो, आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी कुणीतरी म्हणत असतं, "हस की, फोटो काढूलालोय!"

आईबाबांना मी दोघांनाच बोलावलं. चित्र दाखवलं, चिठ्ठीचं सांगितलं. मुलाने जे सांगितलं त्यातलं काय सांगू हे त्याला आधी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "सगळं सांगा, पण डोळा लाल होता ते नको, त्यांना वाईट वाटेल." ‘त्यांना’ म्हणजे नटाला. (इथं लिहायची परवानगी नंतर मिळाली. "ते काय हे वाचणार नाहीत," असा त्याचा हिशेब.)

आई आधी हसली, मग गप्प झाली. "मीच सांगितलो वो त्याला. हसू नयेत म्हणून सांगितलो."

बाबांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे. कास्टिंगवर मशिनिंग करून माल पुण्याला जातो. ते बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कंपनीत मीटिंगला गेलो की मी पण मोजूनच बोलतो. चहाच्या वेळी एकटाच बाहेर उभा राहतो." एवढंच. मी काही जोडलं नाही.

पुढचं काम तसं सोपं होतं. व्हिडिओ. तो ग्रुपवरून काढायचा, पण आपणच ठरवून नाही, बारक्याला विचारून. त्याने विचार केला आणि म्हणाला, "काकांच्या फोनमधला पण." बाबांनी हुबळीला फोन लावला. काका आधी "अगा, चेष्टा होती" म्हणाले, मग काढला.

दुसरं म्हणजे, ती सहल घरात कशी सांगितली जाते. मुलांची आठवण बरीचशी आपण ती कशी पुन्हा पुन्हा बोलतो यावर घडते. या घरात तीन दिवसांच्या सहलीतून ४१ सेकंद उरले होते. मी म्हटलं, बाकीचंही काढा. मग एका रात्री जेवताना सुरू झालं: सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना होडीत आजीने डोळे मिटून घेतले होते ते, महाराजांच्या हाताचा ठसा, चहूकडे खारा समुद्र असताना किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबावेला गोडं पाणी कसं, यावर बाबांनी ठोकलेली थाप, आणि बारक्याने पहिल्यांदा प्यायलेली सोलकढी, जी त्याने पुढल्या क्षणी आत्याच्या साडीवर सांडली. अंगणातली सकाळही आली. ती सांगताना बाबा म्हणाले, "मी मागून ओरडूलालतो, ते चुकलं माझं." मुलाने मान खाली घालून भात कालवला.

दुसरा व्हिडिओ करून त्या नटाला पाठवायचा बेत आत्याने काढला होता. "आता धीट झाला हे तरी कळू दे." मी स्पष्ट नको म्हटलं. मुलाला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

व्यक्तिमत्त्व विकास शिबिराचं माझं मत विचाराल तर कडक आहे. ज्या मुलाला आपण बोलतो तशी भाषा चालत नाही असं वाटतं, त्याला आणखी दहा दिवस ‘प्रभावी संभाषण’ शिकवून काय मिळणार? सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहान वयातच मैफली गाजवू लागले. बेळगावकडच्या मुलांचा गळा कमी पडतो असं कुणी म्हणू नये.

हे वाचणाऱ्या पुष्कळांची मुलं यंदा सुट्टीत कुणाला तरी भेटतील. नट, रील करणारी ताई, क्रिकेटवाला. माझ्याकडे जे येतात त्यांना मी सांगते ते थोडक्यात: आदल्या रात्री वाक्यं पाठ करून घेऊ नका. त्याला काय करायचंय ते विचारा. नुसतं लांबून बघायचं असेल तर तेही चालतं. फोटो एक काढा, व्हिडिओ नको. मूल गप्प झालं तर त्याच्यावतीने तुम्हीच म्हणा, "तुमचं काम त्याला फार आवडतं." ‘लाजतो हो’ म्हणू नका, तो शिक्का घेऊन मूल घरी येतं. आणि कलाकार दमलेला, तुटक वागला तर लपवू नका. "आज दमलेत ते, कामावर असतात तेव्हा वेगळे असतात," हे मुलाला कळतं.

शाळेत महिन्याहून जास्त काळ मूल अजिबात बोलत नसेल, शौचाला जायचंही सांगू शकत नसेल, किंवा जेवण-झोप बिघडली असेल, तर मात्र वाट बघू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरावर २४ तास मोफत आहे. आणि धारवाडला न्यायची वेळ आली तर न्या. आजीला मी सांगेन.

बारक्याची शेवटची भेट जुलैत झाली, बाहेर धो धो पाऊस. तो खुर्चीत बसला, नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला, मान तिरकी केली आणि माझ्या आवाजात म्हणाला, "बरं... मग तेव्हा तुला काय वाटूलालतं?" मी असं बोलते हे मला माहीत नव्हतं. कामाच्या खोलीत मी शुद्ध बोलते अशी माझी समजूत होती.

त्यानंतर त्याने बाबांची केली. फोन धरलेला हात, पोट पुढे, "बोल की! बोल की!" बाबा हसता हसता डोळे पुसत राहिले. आईने छत्री उघडली, दारात थांबून पदर सावरला.

"येतो मॅडम."

"या की," मी म्हटलो.