नवी मोटारसायकल : घासाघीस नेमकी कुठे करायची?

प्रश्न : 125 सीसीची गाडी पसंत केली आहे. कोटेशन असे : एक्स-शोरूम 90,000, आरटीओ 13,500, विमा 9,200, हँडलिंग 1,500, ॲक्सेसरीज 1,800, एकूण ऑन-रोड 1,16,000 रुपये. सेल्समन म्हणतो, कंपनीचा भाव फिक्स, एक रुपयाही कमी होणार नाही. मग मागायचे तरी काय? (बार्शी)

उत्तर : सेल्समन अर्धे खरे बोलतो आहे. एक्स-शोरूम भाव कंपनी ठरवते आणि त्यात डीलरचा हात आखडलेलाच असतो. मोकळीक आहे ती त्याखालच्या ओळींत. तुम्ही सगळ्या ओळी सुट्या लिहून घेतल्यात, हे उत्तम केलेत. ‘ऑन-रोड एवढे’ असा एकच आकडा देणाऱ्याशी भाव करताच येत नाही.

आरटीओपासून सुरुवात करा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल दुचाकीला एकरकमी वाहनकर 99 सीसीपर्यंत 10 टक्के, त्यावर 299 सीसीपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के. म्हणजे तुमचे 9,900. त्यावर 2 टक्के रस्ता सुरक्षा उपकर, नोंदणी फी 300, स्मार्ट कार्ड 200, कर्ज असेल तर एचपी (आरसीवर कर्जाची नोंद) चढवायचे 500. बेरीज 11,100 च्या आसपास. उरलेले 2,400 ‘पासिंगचा खर्च’ म्हणून सांगतील. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलच्या पावतीवर जेवढे असेल तेवढेच देतो, असे स्पष्ट सांगा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे पैसे वेगळे मागितले, तर नव्या गाडीच्या किमतीत ती धरलेली असते, याची आठवण करून द्या.

विम्यात सगळ्यात जास्त पाणी असते. नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे. 75 ते 150 सीसीसाठी 2022 च्या दरांनुसार तो 3,851 रुपये. ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) 1 वर्षाचा घेतला तरी चालतो. गाडीची विमा किंमत एक्स-शोरूमच्या 95 टक्के, म्हणजे 85,500 धरली, तर मूळ दराने त्याचा हप्ता 1,400-1,450 होतो, आणि विमा कंपन्या त्यावर सूटही देतात. 18 टक्के जीएसटी आणि मालकाचा अपघात विमा धरून सगळे सात हजारांच्या आत-बाहेर बसते. वरचे दोन हजार झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई), रोडसाइड असिस्टन्स (वाटेत गाडी बंद पडल्यास मदत) अशा न मागितलेल्या जोडण्यांचे असतात. त्या हव्या तर घ्या, पण विचारून. डीलरकडूनच विमा घेण्याची सक्ती नाही. बाहेरच्या दोन कंपन्यांचे कोटेशन फोनवर दाखवले की बहुतेक शोरूम तिथल्या तिथे आकडा खाली आणतात.

हँडलिंगला कोणताही आधार नाही. गाडी गोडाऊनमधून शोरूमपर्यंत आणणे हे डीलरचे काम. ही ओळ खोडायला सांगा. नाहीच खोडली तर तिचे जीएसटी बिल मागा, बहुधा तिथेच विषय संपतो. ॲक्सेसरीजमध्ये सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग असले काही असेल तर काढून टाका. क्रॅश गार्ड मात्र घ्यावा. मागे बसणाऱ्याचे हँडल आणि साडी गार्ड नियमानेच गाडीसोबत यायला हवेत. त्यांचे वेगळे पैसे देऊ नका.

एवढे केलेत तर एक्स-शोरूमला हात न लावता सहा-सात हजार सहज कमी होतील. हेच कोटेशन त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडून, सोलापूर किंवा लातूरहूनही, मागवा. वाहनकर राज्यभर सारखाच, त्यामुळे तुलना सरळ होते.

प्रश्न : दसऱ्याला गाडी घरी आणायची आहे. मुहूर्तावर सूट जास्त मिळते का? (मिरज)

उत्तर : जाहिराती जास्त असतात. कंपनीची योजना सगळ्यांनाच मिळते. तुमच्यासाठी म्हणून डीलर जे सोडतो ते मुहूर्ताच्या आठवड्यात आटते, कारण दारात रांग असते. बोलणी पितृपक्षात करा. त्या पंधरवड्यात शोरूम ओस असतात आणि सेल्समनला तुमच्यासाठी वेळ असतो. बुकिंग करून सगळ्या ओळी पावतीवर लिहून घ्या, डिलिव्हरी दसऱ्याची ठरवा. पावतीवर तीन गोष्टी हव्यातच : मॉडेलचे पूर्ण नाव व रंग, डिलिव्हरीची तारीख, आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार. मधल्या काळात कंपनीने भाव वाढवला तर फरक कोण सोसणार, हेही विचारून ठेवा. सहसा बिलाच्या दिवशीचा भाव लावतात.

गाडीला वेटिंग असेल तर घासाघीस विसरा. फार तर पहिल्या सर्व्हिसचे ऑइल किंवा गार्ड पदरात पडेल. ‘एवढ्या ॲक्सेसरीज घेतल्या तर लवकर देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

प्रश्न : जानेवारीत डीलर 6,000 सूट देतोय, गाडी ‘जरा आधीची’ आहे म्हणतो. घ्यावी का? (कोपरगाव)

उत्तर : किती आधीची, ते बघा. चासिसवरच्या प्लेटवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, आणि आरसीवरही तोच चढतो. विकताना गिऱ्हाईक ते वर्ष बघते, तुम्ही घेतल्याची तारीख नव्हे. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली तरी कागदावर वर्षाने जुनी होते. पाच-सहा वर्षे वापरणार असाल तर 6,000 चांगले. दोन वर्षांत विकायची सवय असेल तर आणखी मागा. सहा महिन्यांहून जास्त उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी चार्ज करून नव्हे, बदलून मागा.

प्रश्न : 9 टक्के व्याज, 36 हप्ते, 1 लाख कर्ज. बँकेत 11 टक्के सांगतात. शोरूमचे स्वस्त ना? (नाशिक)

उत्तर : नाही. शोरूमचे 9 टक्के बहुधा फ्लॅट आहेत. तिन्ही वर्षे पूर्ण लाखावर व्याज धरले की 27,000 होतात, हप्ता 3,528. तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता, त्यामुळे बँकेच्या पद्धतीने हा दर 16 टक्क्यांच्या वर जातो. बँकेचे 11 टक्के रिड्यूसिंग (उरलेल्या मुद्दलावर) असतील तर हप्ता 3,275 च्या आसपास बसेल. प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंट चार्ज, आगाऊ हप्ता हे वेगळेच. कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यातला एपीआर (फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर) हा एकच आकडा दोन्हीकडचा ताडून बघा.

फायनान्स करून दिल्याबद्दल डीलरला मोबदला मिळतो. म्हणून रोखीने घेणार की हप्त्यावर, हे गाडीचा भाव ठरेपर्यंत सांगू नका.

प्रश्न : जुनी गाडी एक्स्चेंजला द्यावी का? (चिपळूण)

उत्तर : आधी नव्या गाडीचा भाव पक्का करा, मग जुनीचे नाव काढा. दोन्ही एकदम बोलले की एकीकडे दिलेले दुसरीकडे काढून घेतात. जुन्या गाडीच्या विम्यात क्लेम केला नसेल तर हप्त्यात सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळतो, आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो; विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर 20 ते 50 टक्के वाचवा. आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत फॉर्म 29 व 30 (गाडी नावावर करण्याचे अर्ज) यांच्या प्रती आणि तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट जपून ठेवा.

प्रश्न : पैसे भरल्यावर डिलिव्हरीला काय तपासायचे? (कणकवली)

उत्तर : शेवटची रक्कम भरण्याआधी तपासा, नंतर नाही. बिलावरचा चासिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का. दोन्ही चाव्या आहेत का. ओडोमीटरवर दोन-चार किलोमीटरपेक्षा जास्त तर नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन उत्पादनाचा आठवडा, पुढचे दोन वर्ष; टायर जुने नाहीत ना, ते बघा. आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट गाडीसोबत द्यावे असा केंद्रीय मोटार वाहन नियम 138 आहे. ते ‘फ्री गिफ्ट’ म्हणून मोजू देऊ नका. विम्याच्या पॉलिसीवर नाव, वारस आणि चासिस नंबर वाचल्याशिवाय, आणि नंबर प्लेट बसल्याशिवाय, गाडी शोरूमबाहेर काढू नका.